मोटर न मिळण्याचा उन्हाळा

"आहे, पण हिला द्यायची नाही."

धुळ्यातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरपाशी उभी राहून मी पाणी पीत होते, तेव्हा हे कानावर आलं. वायरच्या बंडलांनी भरलेल्या रॅकमागे दुकानदार आपल्या भावाशी बोलत होता. कूलरच्या घरघरीत मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं. भाऊ म्हणाला, "का? पडूनच तर आहे." त्यावर दुकानदार म्हणाला, "जळगावच्या शेठचा फोन होता सकाळी. चहाच्या मशीनची मोटर विचारत एक मुलगी येईल, तिला संपली म्हणून सांग."

मग तो रुमालाने मान पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "नाही ताई, संपली. वरूनच माल येत नाही आता."

मी पेला काउंटरवर ठेवला आणि "थँक यू" म्हणाले. इंग्रजी शाळेत पहिलीपासून मुरवलेली सवय. समोरचा खोटं बोलतोय हे दोन मिनिटांपूर्वी कळलेलं असूनही तोंडातून तेच आलं. दुकानाची पायरी उतरले आणि उन्हात उभी राहिले. कुठे जायचं ते सुचेना. ओढणीने घाम पुसला, पण तो घामच होता की आणखी काही, हे मी तेव्हाही तपासलं नाही.

यंदा पुन्हा एप्रिल लागला आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जळगाव-भुसावळचा पारा छापून यायला लागला की मला तो उन्हाळा आठवतो. लोकांना उन्हाळ्यात आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला आठवतात ती काउंटरं. काच लावलेली, लाकडी, पत्रा ठोकलेली. त्यांच्यावर मी ठेवलेली मूठभर आकाराची एक मोटर, आणि तिच्याकडे पाहून नकारार्थी हलणाऱ्या माना.

खानदेशातला उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी नऊला अंगणातला नळ गरम पाणी द्यायला लागतो. दुपारी एक ते चार रस्ते असे रिकामे होतात, जणू गावाने एकमताने दार लावून घेतलंय. केळीची पानं कडेने करपतात आणि वाऱ्यात कागदासारखी वाजतात. मेहरूण तलावाचं पाणी मागे सरकतं आणि काठाच्या चिखलाला भेगा पडतात. आणि मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून स्कूटी चालवतात. तो स्कार्फ मला फार प्रिय होता. लाजाळू माणसाला वर्षातले चार महिने चेहरा झाकून फिरायची मुभा मिळते, कोणी काही विचारत नाही. मी स्कार्फच्या आतून जग बघायचे. आपण सगळं बघतो, आपल्याला कोणी बघत नाही, असं मला वाटायचं. त्या उन्हाळ्यात कळलं की पूर्ण खानदेशातले दुकानदार माझी वाट बघत बसले होते.

मशीन होतं चहा-कॉफीचं. पप्पांचं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. मी सातवीत असताना एका बंद पडलेल्या ऑफिसचं सामान विकायला निघालं, त्यातून त्यांनी ते आणलं. उंच, क्रीम रंगाचं, तीन बटणांचं: चहा, कॉफी, गरम पाणी. तारखेसाठी आलेली माणसं झेरॉक्स निघेपर्यंत चहा पीत उभी राहायची. टायपिस्ट, वकिलांचे कारकून, पारोळ्याकडून पहाटेच्या एसटीने आलेले म्हातारे. ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. त्यामुळे मशीन बिघडलं की कोणाला बोलवायची सोय नव्हती. रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पप्पा त्याचं मागचं झाकण काढायचे. त्यांची बोटं जाड, वायरींच्या गुंत्यात शिरायची नाहीत. माझी शिरायची. ते टॉर्च धरून उभे राहायचे आणि मी आत हात घालायचे. "हळू मनू, डावीकडची लाल, तिला धक्का नको." बिघाड सापडला की आम्ही दोघं जमिनीवर बसून त्याच मशीनचा पहिला चहा प्यायचो. मी इलेक्ट्रॉनिक्स का घेतलं असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी इंग्रजीत काहीतरी पाठ केलेलं बोलले. खरं उत्तर त्या अर्ध्या शटरखाली होतं.

पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं ते गुढीपाडव्यानंतर. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पप्पांनी माझ्या फोनवर ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि दुकानात असलेल्या सगळ्यांना सांगितलं, "मुलगी पुण्याला चालली. मी हिला आजवर कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलेलं नाही." हे खरंही होतं. इंग्रजी शाळेला नाही म्हटलं नाही, सायकलीला नाही, चुलत भावांमध्ये कोणी घेतलं नसताना इंजिनीअरिंगला नाही. आत्याने एकदा विचारलं होतं, "एवढं शिकवून काय करणार?" तेव्हाही ते हसून म्हणाले होते, "ती काय करेल ते तिला ठरवू दे." माझे पप्पा असे आहेत, हे मी मैत्रिणींना सांगत नसे, कारण मी फारसं काही सांगतच नसे. पण मनातल्या मनात मी ते कितीतरी वेळा सांगितलं होतं.

त्याच सुमारास मशीन बंद पडलं. पप्पा म्हणाले, "जायच्या आधी तेवढं मशीन चालू करून दे, मनू. ते झालं की खुशाल जा. तुझ्याशिवाय कोणाला जमणार ते?" मला बरं वाटलं. निघताना आपल्या हातून घरात काहीतरी धड चालू ठेवून जावं, यापेक्षा चांगलं काय असणार? मी कॉलेजमधला मीटर काढला, झाकण उघडलं आणि दोन दिवसांत वहीत तीन ओळी लिहिल्या. रिले गेला आहे. पाण्याच्या टाकीचा थर्मोस्टॅट गेला आहे. आणि पूड व पाणी घुसळणारी मोटर, चोवीस व्होल्टची, दांडा एका बाजूने सपाट, ती फिरत नाही.

आमच्या जळगावच्या बाजाराची एक रीत आहे. ती समजली नाही तर माझा तो उन्हाळा समजणार नाही. इथे दुकानदार गिऱ्हाइकाला सहसा "नाही" म्हणत नाही. वस्तू नसली तर म्हणतो, "बसा." तुम्ही स्टुलावर बसता, तो कोणाला तरी फोन करतो किंवा स्वतः चप्पल घालून उठतो आणि शेजारच्या, पलीकडच्या, गल्लीतल्या पाचव्या दुकानातून ती वस्तू आणून तुमच्या हातात ठेवतो. आलेलं गिऱ्हाईक उठून जाऊ द्यायचं नाही. "बसा" म्हटलं की समजायचं, वस्तू मिळणार. मी बोलायला संकोचते, त्यामुळे ही रीत मला फार सोयीची. वस्तू काउंटरवर ठेवायची, "असंच पाहिजे" म्हणायचं आणि बसायचं.

रिले असाच मिळाला, अर्ध्या तासात. थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी. दोन्ही कांतीकाकांच्या दुकानातून. कांतीकाकांचे आजोबा राजस्थानातून आले, पण काका आमच्यासारखेच जळगावकर. इलेक्ट्रिक मालाचे ठोक व्यापारी. भुसावळपासून धुळ्यापर्यंतची बरीचशी छोटी दुकानं त्यांच्याकडून माल उचलतात. पप्पांचे ते शाळेपासूनचे मित्र. रोज सकाळी दहाला आमच्या मशीनचा चहा प्यायला येतात, आणि मशीन बंद असेल तर बाहेरचा मागवून पितात, पण येतात. लहानपणी त्यांनी मला बिघडलेली दारावरची बेल खेळायला दिली होती. ती मी वाजवून दाखवली, तेव्हापासून मला नावाने हाक मारायचं त्यांनी सोडलं. "या इंजिनीअर, बसा," एवढंच.

थर्मोस्टॅट बसवला त्या रात्री जेवताना मी म्हणाले, "आता फक्त मोटर राहिली. उद्या होऊन जाईल."

"उद्याच?" पप्पा म्हणाले.

मम्मीने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. ते थोडा वेळ भाकरीकडे बघत बसले. मला वाटलं, त्यांना आश्चर्य वाटलं. मुलगी केवढी भरभर शिकली म्हणून. मला अभिमानसुद्धा वाटला. त्या एका शब्दाकडे मी आजही परत परत जाते. पण तेव्हा मी ठेचा मागितला आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी कांतीकाकांनी मोटर हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "नाही गं बेटा. ही नाही मिळणार." पाणी मागवलं. मी उभ्याउभ्या प्यायले. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर एक पोत्याचं बंडल ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचललं नाही.

मग मे महिना. मी मोटर एका जुन्या पेन्सिल बॉक्समध्ये ठेवली, बॉक्स पिशवीत, आणि फिरायला लागले. जळगावातली दुकानं आठवड्यात संपली. मग सकाळच्या पॅसेंजरने भुसावळ. रेल्वे कॉलनीच्या बाजूला एक दुकान होतं, जुन्या पंख्यांच्या पात्यांनी गच्च भरलेलं. तिथल्या माणसाने मोटर हातात घेतली नाही, लांबूनच मान हलवली. मग विचारलं, "ऊन फार आहे, सरबत घेता?" पारोळ्याला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दुकानदार होता. तो मला म्हणाला, "कशाला एवढी वणवण करता ताई? घरी बसा, आराम करा." मी स्कार्फच्या आत हसले. कसे बोलतात लोक, किती काळजीने, असं मला वाटलं होतं. घरी आले की मम्मी गच्चीवरून बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं पीठ लागलेल्या हातांनी खाली यायची, पन्ह्याचा पेला द्यायची. आणि पप्पा दुकानातून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "मिळाली का?"

"नाही."

"अरेरे. मिळेल, मिळेल. होईल काहीतरी."

मी पंख्याखाली फरशीवर पडून छताकडे बघायचे. त्या महिन्यात मला स्वतःचीच लाज वाटत होती. चार वर्षं शिकले, आणि एक मोटर शोधता येत नाही. वेगळ्या नावाने विचारायला हवं होतं का? मोठ्या आवाजात विचारायला हवं होतं का? माझं मराठी दुकानात गेल्यावर अडखळतं, पुस्तकी होतं. त्यामुळे लोक मनावर घेत नसतील का? रात्री आरशासमोर उभी राहून मी वाक्य घोकायचे, "भाऊ, अशी मोटर पाहिजे होती, चोवीस व्होल्टची." सगळे पाणी देत होते, सगळे हळहळत होते, सगळे "ताई" म्हणत होते. फक्त "बसा" कोणी म्हणत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरीही मी त्याचा अर्थ लावला नव्हता. मी निरीक्षण बरं करते. निष्कर्षाला उशीर होतो, कारण निष्कर्ष काढला की मग काहीतरी बोलावं लागतं.

धुळ्याच्या त्या पायरीखाली उभी असताना तो निष्कर्ष काढावाच लागला. जळगावचा शेठ म्हणजे कांतीकाका, एवढं लगेच कळलं. पहिल्यांदा त्यांचाच राग आला. मग वाटलं, सकाळी फोन आला म्हणाला तो. आज सकाळी. मी धुळ्याला जाणार हे आज सकाळी कोणाला ठाऊक होतं? मम्मी पाचपासून गच्चीवर होती. मी फक्त पप्पांना सांगितलं होतं. त्यांनी मला स्कूटीवर स्टँडपर्यंत सोडलं होतं, पाण्याची बाटली घेतलीस का विचारलं होतं, आणि एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते.

तरीही मी ते नाकारायला जागा शोधत होते. अशा वेळी माणूस फार चिवट होतो. मी स्वतःला म्हणाले, पप्पांनी काकांना सहज सांगितलं असेल, काकांच्या मनात दुसरंच काही असेल. हे पटवत पटवत मी त्या गल्लीच्या टोकाला पोहोचले. तिथे इस्माईलचाचा म्हणून मोटर भरणारे, म्हणजे जळलेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळणारे एक कारागीर बसतात. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास. त्यांनी माझ्या हातातली मोटर पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"जळगाव की हो?"

मी मान हलवली.

"देखो बेटी, तुम्हारे घर का झगडा है, मेरी दुकान में क्यूं लाते हो?" ते हातातलं काम न थांबवता म्हणाले. "सुबह शेठ का फोन. बोले, लडकी आएगी, बोलना ये काम नहीं होता. मैंने पूछा, क्यूं बोलूं? बोले, लडकी के वालिद की मर्जी है, उसको बाहर नहीं भेजना. मैं बोला, तो वालिद खुद बोले ना! चालीस साल में मैंने किसी को नहीं बोला कि काम नहीं होता. आज तुम्हारे वास्ते बोलूं?"

त्यांना माझी दया आली नव्हती. त्यांचा अपमान झाला होता. त्यामुळेच मला त्यांच्यासमोर रडू आलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी हात पुढे केला, मी मोटर दिली. पाठीमागच्या पत्र्याचे दोन वळवलेले कान त्यांनी स्क्रूड्रायव्हरने सरळ केले आणि मोटर उघडली. मी बघतच राहिले. ही मोटर सीलबंद असते, उघडायची नसते, बदलायची असते, असं मला शिकवलं गेलं होतं. म्हणून मी मोटर शोधत महिनाभर फिरले होते.

"तुम लोग बदलते हो, खोलते नहीं," ते म्हणाले. आतले दोन कार्बन, फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजून नखाएवढे उरले होते. बाकी मोटर ठणठणीत होती. "सामने जा, मिक्सर का कार्बन ले आ. कोई भी."

मी समोरच्या दुकानात गेले. घरातल्या मिक्सरचे कार्बन मागितले. दुकानदार म्हणाला, "बसा ताई." आणि स्टूल पुढे केलं.

महिन्याभरात पहिल्यांदा मी कोणाच्या दुकानात बसले. मोटर द्यायची नाही असा निरोप होता. कार्बनबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं.

इस्माईलचाचांनी ते मोठे कार्बन कानशीने घासून लहान केले. फुंकर मारायची, घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. बॅटरीला जोडल्यावर मोटर गुणगुणली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, फिरत असतानाच, आणि पहिल्यांदा थोडे हसले.

परतीच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या, पायाशी वांग्यांची पाटी. मी मोटर मांडीवर घेऊन बसले होते, पिशवीत ठेवायचं भान राहिलं नव्हतं. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे वं पोरी?"

"मोटर आहे. चहाच्या मशीनची."

"चालस का?"

"हो. चालते."

"मंग बरं शे," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. एरंडोल मागे पडलं. रस्त्याच्या कडेने कापसाची रिकामी रानं, पुढच्या पेरणीसाठी नांगरून ठेवलेली, काळी. गरम वारा तोंडावर येत होता आणि मी स्कार्फ बांधला नव्हता.

एखाद्याने आपल्याला अडवलं तर त्याचा राग येतो. राग सोपा असतो. माझ्या मनात जे होतं, तो राग नव्हता. मी त्या महिन्याभरातली एकेक गोष्ट उचलून बघत होते आणि तिची दुसरी बाजू निघत होती. सरबत. पाणी. "कशाला वणवण करता ताई?" सगळ्यांना माहीत होतं. कांतीकाकांनी फोन करताना काय शब्द वापरले असतील? पोरगी भाबडी आहे, बाहेर निभायची नाही, बापाचा जीव आहे तिच्यावर? आणि त्या प्रत्येकाला आपण चांगलंच काम करतोय असं वाटलं असणार. पप्पांना मला "नाही" म्हणायचं नव्हतं. आयुष्यभर म्हटलं नव्हतं, ते आता कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी ते एक "नाही" बाजारभर वाटून टाकलं. एकेका दुकानदाराने त्यातलं थोडंथोडं मला दिलं, पाण्याच्या पेल्याबरोबर.

त्या संध्याकाळी ते दारातच उभे होते. "मिळाली का?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? मी पुष्कळ विचार केला आहे यावर. मला त्यांना पकडायचं नव्हतं. मला वाटलं, मी थोडी वाट बघितली तर ते स्वतःच सांगतील. मोटर माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या स्वेटरांच्या मागे होती. सोमवारला सहा दिवस उरले होते. पहिल्या दिवशी पप्पांनी माझ्यासाठी कुल्फी आणली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मनू, मनाला लावून घेऊ नको, एवढं जुनं मशीन, तुझा काय दोष?" तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "कुठे काही पत्ता लागला का?" आणि मी पुन्हा नाही म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. ते ढोंग नव्हतं, हेच भयंकर होतं. मला मोटर मिळू नये अशी व्यवस्था त्यांनी केली होती, आणि मला मोटर मिळाली नाही म्हणून त्यांना वाईटही वाटत होतं. त्या चेहऱ्याकडे बघत मी खोटं बोलत होते, सफाईने, आवाज न बदलता. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की मी ही कला कोणाकडून घेतली आहे. आणि मला आमच्या दोघांचीही भीती वाटली.

मम्मीला मी काही सांगितलं नाही. तिला माहीत होतं का, हे आजही मला ठाऊक नाही. त्या आठवड्यात ती माझ्या कपड्यांना इस्त्री करत होती, सगळ्यांना, घडीवर घडी. पण ती उन्हाळ्यात तशीही कपाट आवरते.

शनिवारी सकाळी मी पप्पांच्या आधी दुकानात गेले. शटर अर्धं नाही, पूर्ण वर केलं. झाकण काढलं, मोटर बसवली. टॉर्च दातात धरला. रिलेचा टक असा आवाज आला, टाकीतलं पाणी कुरकुरलं, आणि मोटर फिरली. पहिला कप मी ओतून दिला. दुसऱ्याला चहाचा वास आला.

पप्पा आले तेव्हा दोन टायपिस्ट कप घेऊन उभे होते. पप्पा दारातच थांबले. मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत येऊन उदबत्ती लावली, झेरॉक्सचं मशीन चालू केलं, कागदाचे गठ्ठे उगीच सरळ केले. दहाला कांतीकाका आले.

"अरे वा, इंजिनीअर!" ते म्हणाले. आणि मग, थोडं हळू, "मोटर कुठे मिळाली?"

"जुनीच आहे. कार्बन बदलले."

काकांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी काकांकडे बघितलं नाही. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं.

पप्पांनी एक घोट घेतला. "मस्त झालाय," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, नेहमीच्या त्या मऊ आवाजात बोलायला लागले. "पण काय आहे मनू, मोटर जुनी ती जुनीच. मध्येच बंद पडली तर मी काय करू? तू असं कर, पुण्याच्या लोकांना कळव. म्हणावं दोन-तीन महिन्यांनी येते. पाऊसपाणी होऊ दे, ऊन उतरू दे. एवढ्या उन्हात नवीन गावी कशाला? काय कांतीभाऊ, बरोबर आहे ना?"

कांतीकाका कपात बघत राहिले. टायपिस्टांपैकी एकाने उगीच घसा खाकरला. बाहेरून कोणीतरी विचारलं, "भाऊ, आधार कार्डाच्या दोन प्रती निघतील का?" पप्पा घाईने म्हणाले, "निघतील ना, या." कागद घ्यायला त्यांनी हात पुढे केला. त्यांची सुटका झाली असती. मी नेहमीसारखी मान हलवली असती, आणि तो विषय त्या दोन प्रतींच्या खाली दबून गेला असता.

मी त्यांच्या आणि झेरॉक्स मशीनच्या मध्ये उभी राहिले. माझा आवाज बारीक आहे. पण दुकानात सगळे गप्प होते, त्यामुळे ऐकू गेला.

"पप्पा, मला थांबवायचं होतं तर तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही स्वतः सांगितलं असतं तर मी थांबले असते. आता नाही थांबणार."